दोन महिन्यांचा श्रावण

इंग्लंडातल्या आमच्या बर्कशरच्या मराठी मंडळात मला कुणी फारसं हौसेनं बोलावत नाही, कारण मला खरं बोलायची खोड आहे. पुरणपोळी चिवट झाली की सगळे वा वा करतात आणि मी चिवट झाली म्हणते. नवरा म्हणतो, मंजिरी, तुझ्या जिभेला हाड नाही. असेल. त्यामुळे मुरलीधर खानझोडे गेले तेव्हा मंडळाच्या शोकसभेत चार शब्द बोलायला मला कुणी बोलावलं नाही. ते चार शब्द इथे लिहिते आहे, चाराचे थोडे जास्त होतील.

मुरलीभाऊजी मूळचे भंडाऱ्याचे. नागपूरला शिकले, पुण्यात नोकरी केली आणि तिथून स्लाऊला आले. स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, बिनखिडक्यांच्या अवाढव्य इमारती आहेत, त्यांत जगभरचे कॉम्प्युटर रात्रंदिवस घरघरत असतात. त्यांतल्या एका इमारतीतली हवा थंड ठेवायची, हे त्यांचं काम. वीस-बावीस वर्षं इंग्लंडात काढूनही त्यांचं ‘करून राहिलो, येऊन राहिलो’ काही सुटलं नव्हतं. माणूस साधा, हसरा, कुणाचं सामान हलवायचं असलं की सगळ्यांच्या आधी हजर. आणि स्वच्छतेचं वेड इतकं, की पाणी भांड्याला ओठ न लावता वरून प्यायचे. बायकोच्या ताटातला घाससुद्धा उचलायचे नाहीत. उष्टं म्हटलं की त्यांना शिसारी यायची.

ते प्यायचे, हे सगळ्यांना माहीत होतं. किती प्यायचे, हे कुणी विचारत नव्हतं, कारण ते बिअर प्यायचे आणि तीही गावठी नव्हे, ‘क्राफ्ट’, म्हणजे कलावंतांनी घडवलेली. याचं श्रेय आमच्या माऊलींना. माऊली म्हणजे ज्ञानेश्वर पोफळे. नावामुळे माऊली म्हणायचं, बाकी संबंध नाही. मंडळाचे गणपती तेच बसवतात, सत्यनारायण तेच सांगतात आणि गटारीची सहलही तेच ठरवतात. देशात लोक गटारीला सोसायटीच्या गच्चीवर बसतात, माऊलींनी तिला विमानात बसवलं. श्रावण लागायच्या आधीच्या वीकएंडला आयर्लंडला जायचं, खेड्यापाड्यांतल्या छोट्या ब्रुअरीज बघायच्या, आणि अमावास्येला शेवटचा ग्लास उपडा करून परत यायचं. माऊली, माझा नवरा अतुल आणि मुरलीभाऊजी, असे हे तिघे. मी चौथी, कारण मला दारूच्या वासानं डोकं दुखतं आणि गाडी चालवायला शुद्धीतलं माणूस लागतं. अरुणा, म्हणजे भाऊजींची बायको, कधी आली नाही. तिला तीन दिवस शांत झोप मिळायची, असं तीच म्हणायची.

पहिल्या वर्षीची एक गोष्ट मला अजून आठवते. काउंटी डाउन नावाच्या परगण्यात एका शेतकऱ्यानं गाईच्या गोठ्यात ब्रुअरी काढली होती. आम्ही आत शिरलो आणि भाऊजी दारातच थबकले. मोठ्या हंड्यात भाजलेले सातू गरम पाण्यात शिजत होते, त्याची वाफ सगळ्या गोठ्यात भरली होती. ते म्हणाले, ‘‘वहिनी, सातूच्या पिठाचा वास येऊन राहिला हो.’’ खरंच तोच वास होता. उन्हाळ्यात त्यांची आई सातूचं पीठ गुळाच्या पाण्यात कालवून द्यायची, शाळा सुटायची वाट बघत वाटी झाकून ठेवायची. हे सांगताना त्यांचे डोळे भरून आले. बाकीचे दोघे तोवर फोटो काढत होते. भाऊजींनी त्या शेतकऱ्याला पाणी विहिरीचं की नळाचं ते विचारलं, चोथा गाईंना घालता का ते विचारलं, बिअरला कडवटपणा देणारी हॉप्सची वाळकी फुलं तळहातावर चोळून हुंगली. शेतकऱ्यानं त्यांना तासभर सगळं उकलून दाखवलं. त्या दिवशी मला हा माणूस आवडला, आणि मला माणसं सहजासहजी आवडत नाहीत.

आता श्रावणाचं सांगते. भाऊजी श्रावण कडक पाळायचे. महिनाभर मांस नाही, कांदा-लसूण नाही, दारूचा थेंब नाही. आणि हाच त्यांचा पुरावा होता. अरुणा कधी कुरकुरली की ते म्हणायचे, महिनाभर शिवत नाही मी, दारुड्याला जमेल का? माऊली मान डोलवायचे, अतुल मान डोलवायचा. इथे गाडीची दरवर्षी एमओटी नावाची सरकारी तपासणी करून घेतात, पास झाली की वर्षभर कुणी बॉनेट उघडून बघत नाही, तसा भाऊजींचा श्रावण होता. उरलेल्या अकरा महिन्यांत अरुणाच्या रिसायकलिंगच्या डब्यात काय खडखडायचं ते शेजारच्या पंजाबी बाईंना माहीत होतं. आयर्लंडातली बिअर वर्षातून एकदा. रोजची म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातले सगळ्यात कडक आणि सगळ्यात स्वस्त कॅन, आणि पुढे पुढे व्होडका. शिफ्ट संपली की पार्किंगमध्ये गाडीत बसून.

आणि दर श्रावण आधीच्यापेक्षा वाईट जायचा. आधी नुसती चिडचिड व्हायची. मग घाम यायला लागला. एका वर्षी सत्यनारायणाला पळीनं तीर्थ घेताना त्यांचा हात इतका थरथरला की तीर्थ सदऱ्यावर सांडलं. माऊली म्हणाले, उपास झेपत नाही आताशा. अरुणानं त्यांना साबुदाण्याची खिचडी जास्त वाढली. त्याच्या पुढच्या वर्षी आठवडाभर अंथरुणात होते, तो व्हायरल निघाला म्हणे. भाद्रपद लागला की सगळं ठणठणीत व्हायचं. आम्हाला वाटायचं, उपास सुटला म्हणून तब्येत सुधारली.

दोन हजार तेवीसच्या जूनमध्ये ईशिताचं डोहाळेजेवण झालं. ईशिता त्यांची एकुलती एक मुलगी, स्लाऊत वाढलेली, आता नवरा नकुलबरोबर मिल्टन कीन्सला राहते. बाळ सप्टेंबरात यायचं होतं. हिरवी साडी, फुलांचे दागिने, वाट्या झाकून बर्फी की पेढा ओळखायचं, सगळं हौसेनं चाललं होतं. भाऊजी लेकीला ओवाळायला तबक घेऊन पुढे आले आणि तबकासकट तिच्या पायाशी आडवे झाले. निरांजनातलं तूप तिच्या नव्या साडीवर सांडलं. दुपारचे दोन वाजले होते आणि त्यांच्या तोंडाला वास येत होता.

नंतर स्वयंपाकघरात ती त्यांच्याशी बोलली. मी तिथेच भांडी विसळत होते. ती ओरडली नाही. म्हणाली, ‘‘बाबा, तुमचा हात हलते. मी माझा बाळ तुमच्या हातात देणार नाही. कमी-बिमी नको, झीरो पाहिजे. झीरो नाही, तर बाळ नाही.’’

भाऊजी सिंकमधलं पाणी बघत उभे राहिले. मी मनात म्हटलं, शाब्बास पोरी, इतक्या वर्षांत कुणीतरी बोललं.

त्या वर्षी अधिक श्रावण आला होता. म्हणजे श्रावण दोन महिन्यांचा, आधी अधिक, मग निज. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यावरून धमाल चालली होती. माऊलींनी शास्त्र सांगितलं की व्रतं निजात करायची, अधिकात पाळायचं बंधन नाही, तेव्हा यंदा गटारी दोन. भाऊजींनी खाली लिहिलं की मी दोन्ही पाळणार. पुढे कुणीतरी हसरे चेहरे टाकले. मला त्यांनी फोनवर हिशेब समजावून सांगितला. निज श्रावण सप्टेंबरच्या मध्याला संपतो आणि बाळ तेव्हाच येणार. म्हणजे बाळ येईल त्या दिवशी ते दोन महिने कोरडे असतील. ‘‘देवानंच सोय करून ठेवली पाहा वहिनी,’’ म्हणाले. मलाही ते पटलं. श्रावणासाठी जो माणूस सोडू शकतो, तो श्रावणाचं नाव घेऊन कायमची सोडू शकेल, असं आम्हा सगळ्यांनाच वाटलं.

तर जुलैच्या मध्याला आम्ही बेलफास्टला उतरलो. तिथल्या प्रोटेस्टंटांच्या मिरवणुकांचा आठवडा नुकताच संपला होता. दिव्याच्या खांबांवर झेंडे तसेच होते आणि मोकळ्या मैदानांत होळ्या पेटवलेल्या जागी काळे डाग पडले होते. मी सात सीटची गाडी घेतली आणि आम्ही पश्चिमेला निघालो. भाऊजी माझ्या शेजारी बसले होते. सकाळी विमानतळावरच त्यांनी ‘सुरुवात’ केली होती, तरी अगदी शांत, नीट बोलत होते. मागे अतुल आणि माऊली झोपलेले.

गाडीत त्यांनी वडिलांची गोष्ट सांगितली. वडील मोहाची प्यायचे, वर्षभर. श्रावण लागला की आई देवापुढे त्यांचा हात ठेवायला लावायची आणि बाटली बंद. मग दरवर्षी श्रावणात त्यांच्या अंगात यायचं. पहिल्याच आठवड्यात. भिंतीवर माणसं दिसायची, न दिसणाऱ्या कुणाशी बोलायचे, अंग घामानं निथळायचं. गल्लीतल्या बायका हळदकुंकू घेऊन यायच्या, नारळ ठेवायच्या, पोराबाळांचं विचारायच्या. दोन-तीन दिवसांनी दुपारी उतरायचं, मग बाबा ढाराढूर झोपायचे. ‘‘वर्षातून तेवढंच यायचं,’’ भाऊजी म्हणाले, ‘‘इतर वेळी देव फिरकायचा पण नाही.’’ मी हसले. ते पण हसले. माऊली मागून जागे होऊन म्हणाले की श्रावणात वातावरणच भारलेलं असतं.

फर्माना नावाच्या परगण्यात तळ्याकाठी एक ब्रुअरी होती. बाहेर बाकं मांडलेली, समोर राखाडी पाणी. चार-चार छोट्या ग्लासांचा एकेक ट्रे प्रत्येकापुढे आला. अतुलला आंबट बिअर आवडली नाही, माऊलींनी काळी अर्धी सोडली. दोघं तळ्याकडे फोटो काढायला गेले. मी गाडीची किल्ली शोधत मान खाली घातली होती, वर बघितलं तर भाऊजी माऊलींचा अर्धा ग्लास पीत होते. मग अतुलचा उचलला. मग शेजारच्या टेबलावरची माणसं उठून गेली होती, त्यांच्या ग्लासांच्या तळाशी जे उरलं होतं, तेही. परक्या माणसांचं उष्टं. बायकोच्या ताटाला न शिवणारा हा माणूस, ओठांचे डाग असलेले ते ग्लास एकामागून एक तोंडाला लावत होता, आणि चव घेण्याचा प्रश्नच नव्हता. माझ्याकडे त्यांची नजर गेली. त्यांनी ग्लास खाली ठेवला, रुमालानं तोंड पुसलं आणि तळ्यातल्या बदकांविषयी काहीतरी बोलले. त्या क्षणी मला कळलं की चोखंदळपणा सगळा वरवरचा होता. आत नुसती भूक होती.

उत्तर आयर्लंडची सरहद्द कधी ओलांडली ते कळलंच नाही. रस्त्याच्या कडेची रेघ पिवळी झाली आणि पाट्यांवर किलोमीटर आले, एवढंच. डोनेगलमधल्या एका गावात पबच्या मागेच ब्रुअरी होती. भाऊजी तिथे आधीही दोनदा आले होते, ब्रुअर त्यांना नावानं ओळखायचा. त्याला त्यांनी नातवंडाची बातमी सांगितली. त्यानं आतून मोठी, मेणानं बंद केलेली काळी बाटली आणून दिली. ही जितकी ठेवाल तितकी मुरते, म्हणाला, बाळाचं लग्न होईल तेव्हा उघडा. भाऊजींनी ती स्वेटरमध्ये गुंडाळून बॅगेत तळाशी ठेवली. मला वाटलं हॉटेलवर पोचेपर्यंत टिकणार नाही. पण ती टिकली. ती स्लाऊच्या घरापर्यंत सीलबंद पोचली, हे मी त्यांच्या बाजूनं सांगते.

सोमवारी अमावास्या. परतीच्या विमानाआधी बेलफास्टच्या एका ब्रू-पबमध्ये शेवटचं बसणं झालं. अरुणाचा व्हिडिओ कॉल आला. तिनं घरातले सगळे दिवे घासून पाटावर मांडले होते, कणकेचे दिवे उकडले होते. भाऊजींनी ग्लास टेबलाखाली धरला आणि दुसऱ्या हातानं फोनमधल्या दिव्यांना नमस्कार केला. मग ग्लास संपवून उपडा घातला. मला म्हणाले, ‘‘पाहा वहिनी,’’ आणि हात माझ्यासमोर आडवा धरला, तळवा वर, बाळ घ्यायला धरावा तसा. हात अगदी स्थिर होता. मी म्हटलं, असाच ठेवा.

मला तेव्हा काय ठाऊक, की पोटात दारू होती म्हणूनच तो हात स्थिर होता.

पुढचं काही मी पाहिलं, काही अरुणानं नंतर सांगितलं. मंगळवारी तिनं घरातलं सगळं सिंकमध्ये ओतलं. भाऊजींनीच लपवलेल्या जागा दाखवल्या. ती डोनेगलची बाटली तेवढी लोणच्याच्या बरणीमागे ठेवली, कारण ती बाळाची होती. अधिक महिन्यात जावयाला अनारशांचं वाण द्यायचं म्हणून तिनं तांदूळ भिजत घातले आणि ईशिता-नकुलला शनिवारी जेवायला बोलावलं. लेकीनं आठवड्याभरातच बाबांना कोरडं पाहावं, ही तिची इच्छा होती.

बुधवारी भाऊजींना चहाचा कप धरवेना. चादर घामानं भिजायला लागली. त्या दिवशी दुपारी त्यांनी अरुणाकडे ती बाटली मागितली. सगळी नको, दोन घोट दे, औषध म्हणून दे, आतून काहीतरी सुटत चाललंय, असं म्हणाले. लग्नाला तीस वर्षं झाली, तिनं त्यांना रडताना पहिल्यांदा पाहिलं. ती घाबरली आणि तिनं माऊलींना फोन लावला. माऊली म्हणाले, ‘‘वहिनी, हीच तर कसोटी असते. इतकी वर्षं त्यानं मोडलं नाही, आता तुम्ही मोडू नका.’’ तिनं बाटली दिली नाही. बाटली उचलून गाडीच्या डिकीत ठेवली आणि किल्ली गळ्यातल्या मंगळसूत्रात अडकवली. ती म्हणते, त्या दिवशी मला माझाच अभिमान वाटला होता.

गुरुवारपासून भाऊजी भिंतीवरच्या माणसांशी बोलायला लागले. भंडाऱ्याच्या गल्लीतली नावं घेत होते. अरुणानं लग्नाच्या पहिल्या वर्षी श्रावणात सासऱ्यांच्या अंगात आलेलं डोळ्यांनी पाहिलं होतं. तिला वाटलं, वंशाचा देव आला, दोन महिने पाळायचं म्हटलं म्हणून प्रसन्न झाला. तिनं निरांजन लावलं, त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं आणि दाराला कडी घातली, शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून. मी फोन केला तेव्हा मला म्हणाली, थोडा ताप आहे, शनिवारी लवकर ये, अनारसे तळायचेत.

शनिवारी सकाळी मी पोचले. तळणीचा वास दारापर्यंत येत होता. भाऊजी मागच्या बागेत अनवाणी उभे होते, कपाळावर कुंकू घामानं ओघळलेलं, आणि कुंपणाच्या फळ्यांवरून बोटांनी काहीतरी वेचून वेचून खाली टाकत होते. तिथे काही नव्हतं. मी हाक मारली तर माझ्या आरपार बघितलं. मी फोन काढला. अरुणानं माझा हात धरला. म्हणाली, ‘‘दुपारपर्यंत थांब मंजिरी, दुपारी उतरतं.’’ मी तिचा हात झटकला आणि ॲम्ब्युलन्स बोलावली.

ॲम्ब्युलन्सच्या आधी ईशिता आली. आठवा महिना, पोटावर हात ठेवून ती बागेत आली आणि तिथेच थबकली. तिला पाहून भाऊजी मात्र एकदम सरळ उभे राहिले, शाळेत मास्तरांपुढे राहतात तसे. त्यांना ती लेक वाटलीच नाही. म्हणाले, ‘‘माय, थेंब नाही घेतला मी. विचार हिला.’’ आणि दोन्ही हात पुढे केले. ते हात असे थरथरत होते की बघवत नव्हतं. ती पुढे सरकली, हात धरायला, तेवढ्यात त्यांना फीट आली आणि ते तिथेच गवतावर कोसळले.

ॲम्ब्युलन्समधल्या बाईनं विचारलं, हे दारू पितात का? अरुणा ताठ मानेनं म्हणाली, नाही, आमचा पवित्र महिना आहे. ईशिता हळूच म्हणाली, सोमवारी बंद केली. त्या बाईचा हात थांबला. तिनं विचारलं, बंद केली? एकदम? त्याआधी किती होती? 

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊजी गेले. ताप चढत गेला, हृदय थांबलं. डॉक्टरांनी आम्हाला एका छोट्या खोलीत बसवून सगळं समजावलं. इतकी वर्षं इतकी पिणाऱ्या माणसाची दारू एका दिवसात बंद केली तर शरीर ते सोसत नाही. औषधं देऊन, नजरेखाली, हळूहळू उतरवावी लागते. आधीच्या वर्षांत असं अचानक बंद करून त्रास झाला होता का? दर वेळी तो वाढत जातो. मला तीर्थ सांडलेला सदरा आठवला, आठवडाभराचा व्हायरल आठवला, आणि भंडाऱ्याच्या गल्लीतला, अंगात आलेला तो बाप आठवला. डॉक्टरांनी अगदी सौम्यपणे विचारलं, एकदम बंद करायला यांना कुणी सांगितलं होतं? ईशिता जमिनीकडे बघत होती. 

शोकसभा मंडळाच्या नेहमीच्या हॉलमध्ये झाली. माऊलींनी सांगितलं की मुरली भाग्यवान, अधिक मासात गेला, व्रत न मोडता गेला, असं मरण पुण्यवंतांनाच मिळतं. लोकांनी डोळे पुसले. मला बोलावलेलं नव्हतं, तरी मी उभी राहिले. म्हटलं, ‘‘ज्ञानेश्वरभाऊजी, व्रतामुळेच गेले ते.’’ इतकी वर्षं त्यांना माऊली म्हटलं, पुन्हा म्हणवलं नाही. अतुलनं माझी बाही ओढली. कुणीतरी लगबगीनं चहा आणायला सांगितलं. अरुणा पहिल्या रांगेत बसली होती, तिनं मागे वळून पाहिलं नाही. आता ती माझ्याशी बोलते, पण त्या सभेचा विषय काढत नाही. बाटली अजून डिकीतच आहे. ती गाडी तिनं चालवायची सोडली.

मुलगी झाली. निज श्रावणाच्या शेवटच्या आठवड्यात. नाव अन्वी. बारसं वगैरे काही केलं नाही. मी दिवाळीच्या आधी मिल्टन कीन्सला बघायला गेले, मेथीचे लाडू घेऊन. नकुल कामावर होता. ईशितानं मला सोफ्यावर बसवलं, चहा दिला, बाळाला दूध पाजलं, आणि मग बाळ खांद्यावर घेऊन खिडकीशी उभी राहिली. 

म्हणाली, ‘‘काकू, तुम्ही किचनमध्ये होता ना, डोहाळेजेवणाला? तुम्ही ऐकला होता. मी बाबांना झीरो म्हणाले. मी कमी करा म्हणाले असते, तर बाबा असते का?’’

तिला बाटलीचं माहीत नव्हतं. तिच्या आईनं गळ्यात अडकवलेल्या किल्लीचं माहीत नव्हतं, फोनवरच्या कसोटीचं माहीत नव्हतं. तिला फक्त तिचा एक शब्द माहीत होता. आणि डॉक्टर काय म्हणाले ते आम्ही दोघींनी एकाच खोलीत बसून ऐकलं होतं. कमी करत आणली असती, तर ते बहुधा आज या सोफ्यावर बसले असते.

मी म्हटलं, ‘‘नाही गं. लिव्हर आधीच गेलं होतं. तू काहीही म्हणाली असतीस तरी हेच झालं असतं.’’

तिनं वळून माझ्याकडे पाहिलं. सगळं मंडळ सांगतं की मंजिरीकाकू तोंडावर खरं बोलते, लहानपणापासून तिनंही तेच ऐकलंय. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. जवळ आली आणि बाळ माझ्या हातात दिलं. मी दोन्ही हात घट्ट धरून ठेवले, तरी ते थरथरत होते.